नाव गाळून, मुक्काम पोस्टसह

लोणी काळभोर
१० जुलै २०००

प्रिय कल्याणी,

पाकिटावरचं अक्षर बघून 'ही बया अजून आहे का' असं म्हणशील. म्हण. दोन दिवाळ्या गेल्या, मी तुला साधं भेटकार्डसुद्धा पाठवलं नाही, आणि आज लिहिते आहे तेही कामापुरतं. हॉस्टेलवर तू म्हणायचीस, तेजूला साखर मागायची असली की ती आधी अर्धा तास चहापत्तीबद्दल बोलते. आज सरळ साखर मागते.

इथल्या कॉलेजच्या अकाउंट्समध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसतात. त्यांचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. चालतो, पळतो, खातो-पितो, दिसायला गोड आहे, पण बोलत नाही. हाक मारली तर मान वळवत नाही. कान तपासून घेतले, कानांत दोष नाही. बाई रोज डबा उघडला की तेवढंच बोलतात आणि मग मलाही जेवण जात नाही. तुझी मैत्री त्या वयाची असताना पोरीला घेऊन तू पुण्यातला एक दवाखाना सोडला नव्हतास. तू कुठून सुरुवात केलीस, कुणाला विचारलंस, ते सगळं मला लिहून पाठव. आता इंटरनेटवर म्हणे वाटेल ते सापडतं. आमच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर आहेत, पण तिथे बसून मी काही शोधलं तर दुपारपर्यंत शिपायापासून प्रिन्सिपॉलांपर्यंत सगळ्यांना ते माहीत होईल.

उत्तर कॉलेजच्या पत्त्यावर पाठव. घरचं टपाल पोस्टमन आमच्या पेट्रोल पंपावर टाकून जातो आणि ते चार हातांतून माझ्यापर्यंत येते. फोनही करू नकोस. फोन आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बैठकीत आहे आणि बैठक कधी रिकामी नसते.

घरी धांदल आहे. उज्ज्वलाला, माझ्या नणंदेला, बारामतीकडचं चांगलं स्थळ आलं आहे. जितू मोठा झाला. मैत्री कशी आहे?

तुझी,
तेजस्विनी


विश्रांतवाडी
१५ जुलै २०००

प्रिय तेजू,

जिवंत आहेस हे लेखी कळवल्याबद्दल आभार.

मैत्री आठ वर्षांची झाली. बोलत अजून नाही, पण पाणी हवं असलं की माझा हात धरून माठापाशी नेते, आणि आताशा चित्रावर बोट ठेवून सांगते. खास शाळेत जाते. तुझ्या त्या बाईंसाठी लिहिते, ते नीट वाचून दाखव.

आळंदी रोडला आमच्या घराजवळ सायबर कॅफे निघाला आहे. प्लायवूडची खुराडी, प्रत्येकात एक कॉम्प्युटर. दोन्ही बाजूंना कॉलेजची पोरं, आपण मुलगी आहोत असं सांगणाऱ्या कुणाशी तरी गप्पा मारणारी, आणि मध्ये मी, पाटबंधारे खात्यातून परस्पर आलेली क्लार्कबाई, पर्समध्ये डिक्शनरी घेऊन. प्रज्ञेशची दुसरी पाळी नसली की तो मैत्रीला सांभाळतो आणि मी तिथे बसते. लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून.

मैत्रीला जे आहे त्याला ऑटिझम म्हणतात. तो शब्द टाकला की ढीगभर पानं येतात आणि त्यातली निम्मी काहीतरी विकायला बसलेली असतात. गोळ्या, चुंबकाचे पट्टे. एकाने तर मुलांना डॉल्फिनबरोबर पोहायला न्या म्हणून सांगितलं. मुठेत डॉल्फिन सोडण्याबद्दल महापालिकेला अर्ज करावा म्हणते. मी आपला एक नियम केला आहे. जो 'पूर्ण बरं करतो' म्हणतो ते पान बंद करायचं. जिथे आईबाप स्वतः लिहितात, आणि 'आज सगळं फसलं' असंही लिहितात, ते पान वाचायचं. तसा एक पालकांचा ग्रुप मला सापडला आहे. आपल्याकडचेही आहेत, परदेशी गेलेलेही आहेत. एकाने ई-मेल लिहिली की सगळ्यांना जाते. मला दहा डॉक्टरांनी शिकवलं नाही ते या लोकांनी शिकवलं.

बाईंना विचार: मुलगा बोट दाखवून काही मागतो का? डोळ्यांत बघतो का? एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो का? आणि त्यांना हेही सांग की डबा समोर ठेवून रडल्याने मुलगा बोलत नाही. मी दोन वर्षं वाट बघण्यात घालवली, कारण मला सांगणारं कुणी नव्हतं. त्यांना सांगायला मी आहे. तरीही थांबल्या, तर पोराचं वाटोळं त्यांनी स्वतःच्या हाताने केलं असं मी म्हणेन.

तुझी,
कल्याणी


लोणी काळभोर
२७ जुलै २०००

प्रिय कल्याणी,

पत्र मिळालं. तू फार टोचून लिहितेस. ते शेवटचं वाक्य मी बाईंना वाचून दाखवलं नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. बोट दाखवत नाही. डोळ्यांत बघत नाही, म्हणजे बघतो, पण आपल्या पलीकडे काहीतरी असल्यासारखं. एकच गोष्ट करतो का, तर हो. पंपावर गाडी आली की कुठेही असला तरी धावत येतो आणि मशीनवरचे आकडे फिरताना बघत उभा राहतो. आकडे थांबले की मोठमोठ्याने रडतो. आजोबा उचलून आत नेतात, तो पुन्हा बाहेर. दुसरी गाडी आली की पुन्हा शांत. दिवस दिवस हेच. आरतीची चाल मात्र बिनचूक गुणगुणतो, शब्द एकही नाही.

त्यांच्या घरात सगळे म्हणतात, याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता आणि आता गप्प बसत नाही. सासूने टाळूला लावायला कुठलंसं तेल आणलं आहे. अशा घरात एकट्या बाईने काय करायचं, कल्याणी? तुझं वेगळं आहे. तुझा नवरा तुझ्या बरोबरीने पोरीला सांभाळतो. सगळ्यांचं तसं नसतं, हे लक्षात ठेवून लिहीत जा.

तुझी,
तेजस्विनी


विश्रांतवाडी
१ ऑगस्ट २०००

तेजू,

तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या सासऱ्यांचाही पेट्रोल पंप आहे का?

जितूच ना तो? त्याच्या बारशाला मी आले होते तेव्हा तो माझ्या मांडीवर झोपला होता, तेवढाच मला आठवतो. वाटोळं वगैरे मी जे लिहिलं ते त्या बाईंसाठी होतं. तुला लिहिताना मी ते लिहिलं नसतं, खरंच नसतं. ते पत्र फाडून टाक.

एकदाच सांग, म्हणजे मला नीट कामाला लागता येईल.

कल्याणी


लोणी काळभोर
१४ ऑगस्ट २०००

कल्याणी,

जितूच आहे.

एवढी एक ओळ लिहायला मला दहा-बारा दिवस लागले. शेजारच्या टेबलावर जाधव नावाचे गृहस्थ बसतात आणि त्यांना तीन मुली आहेत, तिन्ही अखंड बोलतात.

आता ऐक. बारामतीच्या लोकांनी उज्ज्वलाला पसंत केलं आहे. त्यांच्यात घराणं फार बघतात. आमचे हे, रविराज, म्हणतात, मुलीच्या माहेरी असं मूल आहे हे कळलं की ते मागे फिरतील, आणि ते फिरले की पुढचं स्थळ येणार नाही. तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा, मार्गशीर्षात लग्न. तोपर्यंत पुण्याला न्यायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, कुणापाशी बोलायचं नाही. पाहुणे येतात तेव्हा मी जितूला घेऊन मळ्यातल्या खोलीत जाऊन बसते. पाहुण्यांना सांगतात की त्याला ताप आहे. दर वेळी ताप.

आबांना काय कळतं मला समजत नाही. त्यांच्यासमोर हा विषय कुणी काढत नाही. ते जितूला पंपावरून उचलून आणतात, माझ्या हातात देतात आणि जातात.

उज्ज्वला गुणी मुलगी आहे. तिचं मोडलं तर मी या घरात कुठल्या तोंडाने राहू? आणि जितूचे हे महिने गेले तर त्याला कुठल्या तोंडाने बघू? दिवसभर मी व्हाउचरवर सह्या घेते आणि डोक्यात हे चालू असतं.

हे कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस. मैत्रीची शपथ घे.

तेजू


विश्रांतवाडी
२६ ऑगस्ट २०००

प्रिय तेजू,

शपथ आम्ही घेत नाही, तुला माहीत आहे. शब्द देते. प्रज्ञेशलासुद्धा मी 'एका मैत्रिणीचा मुलगा' एवढंच सांगितलं आहे.

पण मी स्वस्थ बसलेली नाही. पालकांच्या त्या ग्रुपवर लिहिलं. मराठी अक्षरं तिथे उमटत नाहीत, सगळं इंग्रजीत. इतकी वर्षं खात्यात अर्ज लिहून हात तसाच बसला आहे, तेव्हा विषय, संदर्भ, बालकाचा तपशील, कृपया मार्गदर्शन व्हावे, असं रीतसर लिहिलं. घाबरू नकोस, तुझं नाव नाही, जितूचं नाही, घरातल्या कुणाचंच नाही. आणि वाचणारे कोण, तर कुठे मद्रासची बाई, कुठे कॅनडातला बाप. त्यांना तुझ्या उज्ज्वलाचं काय पडलं आहे?

सात उत्तरं आली. सगळ्यांचं म्हणणं एकच, वाट बघू नका, घरातूनच सुरू करा. तर असं कर. जितूला जे आवडतं त्याची चित्रं घे. काढायची गरज नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचं कव्हर काप, दुधाच्या पिशवीचा तुकडा काप, पुठ्ठ्यावर चिकटव. बिस्कीट दिसेल पण हाताला लागणार नाही असं ठेव. तो हात ओढायला लागला की त्याच्या हातात ते कार्ड दे आणि त्याचाच हात धरून ते तुझ्या हातावर ठेव. ठेवलं की लगेच बिस्कीट. पुन्हा. पुन्हा. शंभरदा फसेल. मद्रासच्या बाई लिहितात की त्यांच्या मुलाला सहा आठवडे लागले.

आणि दुसरं. मैत्रीची जिथे तपासणी झाली त्या केंद्रात मी जितूसाठी वेळ घेतली आहे. सोमवार, ९ ऑक्टोबर, सकाळी अकरा. स्वारगेटला उतर, मी रिक्षा घेऊन उभी राहीन. घरी काहीही सांग. कॉलेजचं ऑडिट आहे म्हण. ऑडिटला कुणी हरकत घेत नाही.

कल्याणी


लोणी काळभोर
१८ सप्टेंबर २०००

कल्याणी,

दिलं. परवा दुपारी त्याने कार्ड दिलं.

पहिली कार्डं सासूबाईंनी कचरा म्हणून चुलीत घातली होती. मी पुन्हा केली, पोलक्यांच्या ट्रंकेत ठेवली. रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी आणि आल्यावर आम्ही दोघं मळ्यातल्या खोलीत बसायचो. तो कार्ड फेकायचा, चावायचा, एकदा माझ्या गालाला नखं लागली. परवा मी दमून भिंतीला टेकून बसले होते, त्याच्याकडे बघतही नव्हते. तो उठला, पसरलेल्या कार्डांतून बिस्किटाचं उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. मी धरलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. त्याला माझ्याकडून काहीतरी हवं होतं आणि ते त्याने मला सांगितलं. माझ्या मुलाने मला काहीतरी सांगितलं, कल्याणी. मी त्याला अख्खा पुडा दिला. तुझे मद्रासचे लोक रागावतील.

नवव्या तारखेला मी येते. ऑडिट आहे असं आत्ताच घरी सांगून ठेवलं. रविराजांनी मान हलवली. मला इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं आणि भीतीही वाटते आहे.

तेजू


लोणी काळभोर
२८ सप्टेंबर २०००

कल्याणी,

मी येणार नाही. वेळ रद्द कर.

रविवारी अमेरिकेहून उत्तरेश्वर भावजींचा फोन आला. आबांचे पुतणे. त्यांचे वडील लवकर गेले, आबांनीच त्यांना शिकवलं, सॉफ्टवेअरमध्ये गेले, सात-आठ वर्षं न्यू जर्सीला आहेत. फोन आबांनी घेतला. भावजींनी एवढंच विचारलं, 'काका, आपला जितू अजून बोलत नाही का? पंपाचे आकडे बघत बसतो का?' आबा म्हणाले, 'तुला कुणी सांगितलं?' तर म्हणाले, इंटरनेटवर वाचलं, आणि काय वाचलं ते सगळं सांगितलं.

तू नाव घातलं नाहीस. पण बालकाचा तपशील म्हणून मुक्काम पोस्ट लोणी काळभोर, तालुका हवेली, जिल्हा पुणे लिहिलंस, आणि आजोबांचा सोलापूर रोडला पंप आहे हेही लिहिलंस. मला मात्र पंपावरून एका फटक्यात पकडलंस. कमाल आहे तुझी.

सासूबाईंना वाटतं की जितूची बातमी अमेरिकेच्या पेपरात आली. बारामतीच्या लोकांचे कोण कोण नातेवाईक तिकडे आहेत ते मोजणं चालू आहे. रविराज म्हणाले, सोयरीक मोडली तर ती तुझ्यामुळे. ट्रंकेतली कार्डं त्यांना सापडली. ऑडिटचंही कळलं. हे सगळं कुणी शिकवलं म्हणून तुझं नाव निघालं, आणि नाव निघाल्यावर ती कुठली, कोणातली, तेही निघालं. आबा उठून पंपावर गेले.

काल जितू ट्रंकेपाशी जाऊन उभा राहिला होता. ट्रंकेला आता कुलूप आहे.

मला आता पत्र पाठवू नकोस.

तेजस्विनी


विश्रांतवाडी
४ ऑक्टोबर २०००

तेजू,

पाठवू नकोस म्हणालीस, तरी पाठवते. वाचायचं नसलं तर जाधवांना दे, त्यांच्या मुलींना बोलायला विषय होईल.

चूक माझी आहे. अर्ज म्हटला की मुक्काम पोस्ट घातल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही, पण ते कारण झालं, उत्तर नाही. तू विश्वासाने सांगितलंस आणि मी ते जगाच्या नोटिस बोर्डावर लावलं. वर शहाणपणाने तुला लिहिलं की कोण वाचतंय. मला माझीच लाज वाटते. आणि मी कुठली ते घरात निघालं असेल तर सांग त्यांना, विश्रांतवाडीची. बाकीचं त्यांना माहीतच आहे.

तुझ्या उत्तरेश्वर भावजींची मला मेल आली. त्यात काय आहे ते मी सांगणार नाही. त्यांनी कुणाला सांगू नका म्हटलं आहे आणि या वेळी मी तालुका-जिल्हासुद्धा सांगणार नाही. त्यांना मी उलट लिहिलं, तुमची गोष्ट तुम्हीच तुमच्या काकांना सांगा, पण उशीर करू नका, इथे एका मुलाचे दिवस जाताहेत. पुन्हा त्यांचं उत्तर नाही. रोज ऑफिस सुटलं की कॅफेत जाऊन मेल उघडते, काही नसतं, घरी येते.

वेळ मी रद्द केलेली नाही. सोमवारी अकराला मी तिथे असेन. ट्रंकेचं कुलूप काढ, तेजू. निदान तेवढं कर.

कल्याणी


विश्रांतवाडी
१० ऑक्टोबर २०००

तेजू,

काल सकाळपासून स्वारगेटला उभी होते. लोणीकडून आलेली प्रत्येक बस बघितली. मग म्हटलं, तू थेट केंद्रात गेली असशील, म्हणून तिकडे गेले. बाकावर बसले. तिथल्या बाईंनी आतून 'लोणीचा मुलगा' म्हणून पुकारलं तेव्हा मी उठून उभी राहिले, कशासाठी कोण जाणे. येत आहेत, रस्त्यात असतील, असं सांगत राहिले. त्यांनी अर्धा तास वाट बघितली आणि दुसऱ्या मुलाला आत घेतलं.

पुढची तारीख १३ नोव्हेंबरची मिळाली आहे, तीच वेळ. मी 'हो' म्हणून आले. तुला न विचारता. माझ्याकडून सरळ काही होतच नाही, असं दिसतं.

त्याला बिस्कीट मागता येत होतं, तेजू. मागता येणाऱ्या मुलाची मागायची सोय काढून घेतली की काय होतं ते मी बघितलं आहे. घाबरवत नाही. मला राहवत नाही म्हणून लिहिते.

कल्याणी


लोणी काळभोर
४ नोव्हेंबर २०००

प्रिय कल्याणी,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दोन्ही वाचली, उत्तर लिहिलं नाही. तू स्वारगेटला उभी होतीस तेव्हा मी व्हाउचर लावत होते आणि घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून बसले होते. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधी सांगते. आता पुढचं.

भाऊबीजेला भावजींचा फोन येतोच, उज्ज्वलासाठी. या वेळी तिच्याशी बोलून त्यांनी आबांना मागितलं. आबा बराच वेळ नुसते ऐकत होते. मग 'मानसी?' एवढंच म्हणाले. मानसी त्यांची मुलगी, सात वर्षांची. ते एकदाही तिला घेऊन आले नाहीत. दर दिवाळीला आबा फोनवर तिचा फोटो पाठव म्हणायचे, आणि फोटो यायचा तो घराचा, गाडीचा, बर्फाचा. मानसी कधी झोपलेली, कधी पाठमोरी. आम्ही म्हणायचो, अमेरिकेत जाऊन माणसं अशीच होतात.

ती जितूसारखी आहे. तू हे महिनाभर पोटात ठेवलंस. तुला ते किती जड गेलं असेल, मला कळतं.

फोन बंद झाल्यावरही आबा रिसीव्हर हातात धरून बसले होते. मग सगळ्यांना बैठकीत बोलावलं. सासूबाई, रविराज, उज्ज्वला, मी. म्हणाले, "उत्तऱ्याची पोरगी आपल्या जितूवाणी हाय. सात वरीस त्यानं मला सांगितलं न्हाई. मी बाप म्हणून वाढवला त्याला, आन् मला सांगितलं न्हाई. का न्हाई सांगितलं?" उत्तरही त्यांनीच दिलं. "आपण काय म्हणू, त्याचं भ्या होतं त्याला," आबा म्हणाले, आणि मग रविराजांकडे बघून, "आता तू बी तेच चालवलंयस. माझ्याच घरात." रविराज खाली बघत होते. त्यांचे डोळे भरलेले मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितले. म्हणाले, "मला कळत होतं आबा. मला सहा महिने झाले कळतंय." मला वाटत होतं की त्यांना फक्त सोयरीक दिसते.

आबांनी तिथेच बारामतीला फोन लावला. जितूचं सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. ते म्हणाले, विचार करून कळवतो. अजून कळवलेलं नाही. मी उज्ज्वलापाशी जाऊन रडले तर ती म्हणाली, "वहिनी, तापाचं कारण सांगून सांगून मलाच ताप यायची वेळ आली होती. त्यांना एवढा विचार करावा लागतोय, तर मीही जरा करते." तिचं काय होईल मला माहीत नाही. मोडलं तर तिचं दुःख माझ्या वाट्याला येणारच, आणि मी ते घेईन. पण जितूला आता लपवणार नाही.

ट्रंकेचं कुलूप निघालं आहे. जितू पहिल्या दिवशी कार्डांकडे फिरकलाही नाही, आणि मला वाटलं, गेलं, सगळं गेलं. चौथ्या दिवशी त्याने दुधाचं कार्ड आणून दिलं. मला नाही, सासूबाईंना. त्यांनी भांडं भरून दूध आणलं आणि त्याच्याजवळ बसून रडल्या.

तर १३ नोव्हेंबरला आम्ही येतो. मी, रविराज आणि जितू असं ठरलं होतं. काल आबा म्हणाले, "मी बी येतो." मी म्हटलं, आबा, तिथे नुसतं बसून राहायचं असतं, खूप वेळ लागतो. तर म्हणाले, "दवाखान्याचं मागनं बघू. आधी त्या विश्रांतवाडीच्या बाईच्या घरी जाऊ. पोरगी हाय ना तिला?"

सासूबाई आत होत्या. आबा कुणाच्या घरी जातात, कुठे चहा घेतात, यावर आमच्याकडे आजवर काय काय बोललं गेलं आहे ते तुला मी सांगायला नको. त्या बाहेर आल्या आणि मैत्रीला काय आवडतं ते विचारून ठेव म्हणाल्या. तेव्हा ते कळव.

मी आबांना सांगितलं की मैत्री अनोळखी माणसाकडे बघत नाही, जवळ येणार नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. ते चप्पल घालत होते. म्हणाले, "उत्तऱ्यानं सांगितलंय मला समदं. तिनं न्हाई बघितलं तर न्हाई. मी बघीन तिच्याकडं. ती एक तरी कुणी लपवली न्हाई."

आम्ही नऊच्या सुमाराला तुझ्याकडे पोहोचू.

तुझी,
तेजू